दहाचा सेट की बाराचा?

कर्वेनगरात संध्याकाळी सहानंतर रस्त्यावर नुसतं उभं राहिलं तरी पाठीला काळी गिटार बॅग लावलेली पोरंपोरी दिसतात. या भागाची घडणच तशी आहे. महर्षी कर्व्यांनी १९०० च्या सुमारास हिंगण्याच्या माळावर झोपडी बांधली. तिच्याभोवती शाळा, कॉलेजं, मुलींची वसतिगृहं उभी राहिली, १९९१ मध्ये कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय आलं. त्यांच्या मागोमाग खानावळी, झेरॉक्सची दुकानं, कॉट बेसिसवरच्या खोल्या आणि गिटारचे क्लास आले. फिरोदिया करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचे दिवस जवळ आले की या खोल्यांमधून रात्री उशिरापर्यंत तालमी चालतात आणि नेमकी तेव्हाच तार तुटते.

मग सल्ले सुरू होतात. क्लासचे सर म्हणतात दहाचा सेट घे, हात दुखणार नाहीत. सीनियर म्हणते बाराच्या खाली आवाजच नाही. दुकानदार हातात येईल ते पाकीट पुढे करतो. इंटरनेटवर तर कोटेड, अनकोटेड, ब्रॉन्झ, फॉस्फर ब्रॉन्झ असा नुसता कल्ला. सहा-सात हजारांची गिटार घेणारा माणूस तारांच्या दोन पाकिटांपुढे पंधरा मिनिटं उभा राहतो, आणि शेवटी रंग आवडला म्हणून एक उचलतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. कंपनी कोणती हा या सगळ्यातला सर्वांत किरकोळ प्रश्न आहे. गिटारचा सांगाडा कोणत्या तारा पेलू शकतो हे पहिलं, तारेची जाडी दुसरी, तारेचं वय तिसरं. धातू आणि कंपनी त्यानंतर. आपल्याकडे मात्र चर्चा नेमकी शेवटापासून सुरू होते.

सांगाड्याचं आधी घेऊ, कारण तिथे चुकलं तर गिटारच जाते. दुकानात शेजारी शेजारी टांगलेल्या दोन गिटार दिसायला सारख्या असल्या तरी एक क्लासिकल असते, नायलॉनच्या तारांची, आणि दुसरी स्टीलच्या तारांची अकूस्टिक. क्लासिकलच्या सहा तारांचा मिळून ताण साधारण चाळीस किलो असतो. अकूस्टिकवर बाराचा सेट चढवला की तो ताण सत्तरीच्या पुढे, चौऱ्याहत्तर किलोच्या आसपास जातो. क्लासिकलचा ब्रिज नुसता सरसावर चिकटलेला असतो, आतल्या पट्ट्या हलक्या असतात, नेकमध्ये बहुधा लोखंडी सळई नसते. तिच्यावर स्टील चढवलं की काही दिवसांत पोट फुगतं, नेक वाकते, आणि एके दिवशी ब्रिज उखडून हातात येतो. ओळखायची खूण सोपी आहे. तार ब्रिजला गाठ मारून बांधलेली असेल आणि डोक्यात दोन लांब खाचा असतील तर नायलॉन. तार पिन दाबून भोकात अडकवलेली असेल तर स्टील. माळ्यावरून काढलेली काकांची जुनी गिटार क्लासला नेण्याआधी एवढं पाहून घ्यावं.

त्याच माळ्यावर आणखी एक चीज सापडू शकते. तारा फळीपासून बोटभर वर, आणि दाबायला गेलं तर दबतच नाहीत. ती बिघडलेली नसते, हवाईयन असते. मांडीवर आडवी ठेवून वरून लोखंडी कांडी सरकवायची, म्हणून नट, म्हणजे डोक्याजवळची तारा टेकतात ती पट्टी, मुद्दाम उंच केलेला. व्हॅन शिपले, सुनील गांगुली यांच्या वाद्यसंगीताच्या तबकड्या घरोघरी वाजत त्या काळात हीच गिटार शिकायचा प्रघात होता. पुढे ब्रिजभूषण काब्रांनी हिच्यावर राग वाजवले, विश्वमोहन भट्टांनी तिचीच मोहनवीणा केली. तिच्या तारांचा हिशेब वेगळा, इथे तो नको.

आता जाडी. दहाचा सेट म्हणजे सर्वांत पातळ तार इंचाच्या दहा सहस्रांश. पाकिटावर १०-४७ लिहिलेलं असतं, पहिला आकडा पातळ ‘ई’चा, दुसरा जाड ‘ई’चा. अकूस्टिकमध्ये १०-४७, ११-५२, १२-५३ आणि १३-५६ हे चार सेट सर्रास मिळतात. पुण्यातल्या लेथवर काम केलेल्या माणसाला हे पटकन कळतं, कारण तो दिवसभर थाऊमध्येच, म्हणजे इंचाच्या सहस्रांशातच, बोलत असतो. सतार-तानपुऱ्याच्या घरात वाढलेला मात्र गोंधळतो. तिकडे तार नंबरावर मिळते आणि नंबर वाढला की तार बारीक होते. तीस नंबरची तार म्हणजे गिटारवाल्यांची बारा, तेहेतीस नंबर म्हणजे बरोबर दहा. घरात सतारीच्या तारेचं भेंडोळं असेल तर अडीनडीला पातळ ‘ई’ त्यातून निघू शकते, फक्त टोकाला गिटारसारखी पितळी गोळी नसते, ती जुन्या तारेची काढून ओवावी लागते.

दहा आणि बारा यांत फरक दोनाचाच दिसतो, पण तीच पट्टी आणि तोच सूर धरला तर ताण जाडीच्या वर्गाने वाढतो. दहाची पातळ ‘ई’ सव्वासात किलोने ओढलेली असते, बाराची साडेदहा किलोने. सगळा सेट धरला तर दहाला साठेक किलो आणि बाराला चौऱ्याहत्तर. हा चौदा किलोंचा फरक बोटांना कळतो, तसा नेकलाही कळतो. म्हणून दहावरून बारावर गेल्यावर तारा फळीपासून थोड्या वर आल्यासारख्या वाटल्या तर तो भास नसतो. नेक पुढे ओढली गेलेली असते आणि आतली सळई, म्हणजे ट्रस रॉड, पाव फेरा आवळून घ्यायची वेळ आलेली असते. हे काम पहिल्यांदा जाणत्याकडून करून घ्यावं. घरच्या एल कीने हौस भागवायची ही जागा नाही.

लहान मुलांच्या गिटारबाबत उलटं होतं. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला हलका म्हणून दहाचा सेट आणतात. पण त्याच्या तीन चतुर्थांश गिटारवर तारेची लांबी ६४८ मिलिमीटरच्या जागी ५८० च्या आसपास असते, आणि लांबी कमी झाली की त्याच सुरासाठी ताणही कमी लागतो, जवळजवळ वीस टक्क्यांनी. दहाची तार तिथे लोंबते, फ्रेटवर खडखडते, आणि आईवडील म्हणतात गिटारच भंगार मिळाली. छोट्या गिटारला अकरा किंवा बाराच बरा.

बोटं दुखतात ही नवशिक्यांची मुख्य तक्रार, आणि तिच्यावर पातळ तार हा उपाय सगळे सांगतात. माझ्या मते तो अर्धाच उपाय आहे. स्वस्त गिटारमध्ये तारा मुळातच उंच बसवलेल्या असतात. बाराव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात अडीच मिलिमीटरपर्यंत फट ठीक, पण दुकानातून आलेल्या कितीतरी गिटारमध्ये ती चार मिलिमीटर सापडते. दोन एक रुपयाची नाणी एकावर एक ठेवून त्या फटीत सैल जात असतील तर तार बदलून काही होणार नाही. आधी सॅडल, म्हणजे ब्रिजवरची तारा टेकतात ती पट्टी, घासून खाली घ्यायला हवं. उंची नीट झाल्यावर अकराचा सेट बहुतेकांना सुखाने जमतो, आणि आवाज दहापेक्षा भरीव मिळतो. कुणी मला एकच आकडा सांगा म्हणालं तर मी अकरा सांगेन.

जाड तार तुटत नाही, असा एक समज आहे. त्यात फार तथ्य नाही. एकाच सुराला लावलेल्या साध्या स्टीलच्या तारेवर दर चौरस मिलिमीटरला पडणारा ताण जाडीवर ठरतच नाही. जाड तारेला जास्त ओढावं लागतं, पण ओढ सोसायला तिच्यात पोलादही तेवढंच जास्त असतं. लांबी, सूर आणि पोलादाचं वजन एवढ्या तिघांवर तो ठरतो. नेहमीच्या गिटारवर पातळ ‘ई’ ३२९.६ हर्ट्‌झला लावली की पोलाद आपल्या ताकदीच्या निम्म्याहून थोडं अधिक ताणलेलं असतं. तिथून आणखी चार-पाच अर्धस्वर चढवले की कोणतीही तार, दहाची असो की बाराची, जीव सोडते. फोनवरच्या ट्यूनरने गिटार लावताना नवी मुलं हेच करतात. ट्यूनर नुसतं ‘ई’ दाखवतो, तो कोणत्या सप्तकातला हे त्यांना कळत नाही, आणि सैल तार वरच्या ‘ई’ला नेण्याच्या नादात ती फाट्‌कन तुटते.

धातूंची गोष्ट थोडक्यात. पूर्वी गिटारला मेंढीच्या आतड्याची तात असे. दुसऱ्या महायुद्धात ती शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी लागू लागली आणि वादकांना मिळेना. तेव्हा न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट ऑगस्टिन यांनी नायलॉनवर खटपट केली, आंद्रेस सेगोव्हियांनी ती तार उचलून धरली, आणि चाळीसच्या दशकाअखेर क्लासिकल गिटार नायलॉनची झाली. अकूस्टिकच्या जाड चार तारांमध्ये आत पोलादाची गाभ्याची तार असते आणि तिच्यावर दुसरी तार गुंडाळलेली असते. ही गुंडाळी ८०-२० ब्रॉन्झची असेल तर त्यात तांबं ऐंशी टक्के आणि जस्त वीस टक्के, म्हणजे खरं तर ते पितळच. आवाज सुरुवातीला चकचकीत, पण लवकर उतरणारा. डॅडारिओने १९७४ मध्ये आणलेल्या फॉस्फर ब्रॉन्झमध्ये तांब्याबरोबर कथील आणि किंचित फॉस्फरस असतो. तिचा आवाज जरा गोलसर आणि तग अधिक. इलेक्ट्रिक गिटारला मात्र ब्रॉन्झ चालत नाही. तिच्या पिकअपला चुंबकाला चिकटणारा धातू लागतो, म्हणून निकेल चढवलेलं पोलाद. तिथे अर्नी बॉलने १९६२ मध्ये आणलेला १०-४६ चा सेट आजही मानदंड आहे, आणि बोटाने सूर ओढणाऱ्यांना ९-४२ सोयीचा पडतो.

घरातल्या मोठ्यांचा मात्र वेगळाच प्रश्न असतो. दर तीन महिन्यांनी तारा कशाला? आमच्या तानपुऱ्याच्या तारा तर किती वर्षं तशाच आहेत! हा प्रश्न अजिबात वेडगळ नाही. मराठी घराला तंतुवाद्य ठाऊक आहे ते मिरजेचं. हत्यारं घडवणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात तिथे सतार-तानपुऱ्याचा कारखाना उभा केला, आणि मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तानपुऱ्याची तार नुसती छेडली जाते. तिला पडद्यावर दाबत नाहीत, घामेजली बोटं तिच्यावरून दिवसभर घासत नाहीत, आणि ती बहुतांशी साधी, सरळ ओढलेली तार असते, वर गुंडाळी नाही. तिथे सगळी मेहनत जवारीवर, घोडीच्या माथ्यावर, तारेखाली सरकवलेल्या सुताच्या दोऱ्यावर जाते. गिटारमध्ये प्रत्येक सुराला तार फ्रेटच्या धातूवर आपटते आणि प्रत्येक बोट तिच्यावर थोडं मीठ, थोडं तेल, थोडी कातडी सोडून जातं. ते सारं गुंडाळीच्या वेढ्यांमध्ये जाऊन बसतं, चाळणीच्या भोकांत पीठ अडकावं तसं. तार जड आणि असमान होते, वरचे स्वनक, म्हणजे हार्मोनिक्स, आधी मरतात, आणि उरतो तो ठप्प आवाज.

तारा म्हाताऱ्या झाल्या की नाही, हे ओळखायला कानाची वाट पाहायला नको. कानाला हळूहळू सवय होत जाते, रोज थोडा थोडा उतरलेला आवाज त्याला कळतच नाही. बोट तारेखाली घालून पहिल्या दोन-तीन फ्रेटवरून सरकवावं. खालच्या बाजूला नखाला अडेल अशी खाच लागली, की त्या जागी तार फ्रेटने खाल्लेली असते. पांढऱ्या सुती कापडाने तार चिमटीत धरून ओढली आणि कापडावर काळी-हिरवट रेघ उमटली तर गुंडाळीत मळ साचलेला आहे. तिसरी परीक्षा सुराची. बाराव्या फ्रेटवर बोट नुसतं टेकवून निघणारा स्वनक आणि तिथेच तार दाबून निघणारा सूर, हे दोन्ही ट्यूनरवर एक यायला हवेत. महिनाभरापूर्वी येत होते आणि आता येत नाहीत, तर गिटारला दोष देण्याआधी तारा बदलाव्यात. ‘माझी गिटार वरच्या फ्रेटला बेसूर आहे’ म्हणून आलेल्या तक्रारींचा निकाल बऱ्याचदा नव्या सेटवरच लागतो.

किती दिवसांनी बदलायच्या? शंभर तासांचा एक ढोबळ आडाखा वादकांमध्ये चालतो. रोज तासभर वाजवणाऱ्याला त्याने तीन महिने मिळतात. पण घाम प्रत्येकाचा वेगळा. काही जणांच्या हाताखाली नवी तार आठवड्यात काळी पडते, काहींची सहा महिने लखलखते. न बदलणाऱ्यांचीही एक परंपरा आहे, आणि तिचा दाखला म्हणून मोटाउनचा बासवादक जेम्स जेमरसन हटकून सांगितला जातो. तुटेपर्यंत तो तार बदलत नसे, कारण त्याला तो मळलेला, जाडसर आवाजच हवा असे. बासवर, सपाट गुंडाळीच्या तारांवर, हे शोभतं. अकूस्टिकवर गाण्याची साथ करणाऱ्याने जेमरसनचं नाव पुढे करू नये, तो आळस असतो.

कोटेड तारांचा वाद इथेच येतो. एलिक्सिरने १९९७ च्या सुमारास तारेवर बारीक पॉलिमरचा थर देऊन त्या बाजारात आणल्या. घाम गुंडाळीत शिरतच नाही. पुण्यात साधा बऱ्यापैकी सेट सहाशे ते नऊशेत येतो, कोटेड दीड हजाराच्या आगेमागे. आठवड्यातून दोनदा गिटार हातात घेणाऱ्या नोकरदाराला कोटेड परवडते, कारण त्याची तार वाजवून मरत नाही, नुसती टांगून गंजते. क्लासला जाणाऱ्या मुलाला मी साधाच सेट सांगेन. त्याची पातळ ‘ई’ तशीही सुराच्या गफलतीत तुटणार आहे, आणि तारा बदलण्याचा सराव हाताला जितका लवकर होईल तितका बरा. दीडशे-दोनशे रुपयांचे सेट हौसेपुरते ठीक. त्यांच्या साध्या तारा चालून जातात, गुंडाळीच्या तारा मात्र पाकिटातूनच निस्तेज निघतात. त्यापेक्षा नामांकित कंपनीचा एक सेट आणि पातळ ‘ई’, ‘बी’च्या दोन-दोन सुट्या तारा बॅगेच्या खिशात, हा हिशेब शहाणपणाचा.

नकली मालाचाही त्रास आहे, आणि तो ऑनलाइन जास्त. भाव निम्म्यावर आला की शंका घ्यावी. डॅडारिओच्या पाकिटात आत एक कोड असतो, तो कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून तपासता येतो. त्यांच्या तारांच्या टोकाच्या गोळ्या रंगीत असतात, जाड ‘ई’ पितळी, मग लाल, काळी, हिरवी, जांभळी आणि शेवटची चंदेरी. नकली पाकिटात हे रंगही हुबेहूब करतात, म्हणून नुसत्या रंगावर विसंबू नये. मुंबईतलं १८६५ पासूनचं फुर्तादोस किंवा पुण्यातलं वाद्यांचं कुठलंही जुनं दुकान, यांच्याकडे दहा-पाच टक्के जास्त गेले तरी मन शांत राहतं.

आता प्रत्यक्ष बदलणं. गिटार पलंगावर आडवी, नेकखाली घडी केलेला टॉवेल. आधी सगळ्या तारा खुंट्या उलट्या फिरवून पार सैल करायच्या. ताणलेली तार कटरने कापायची नाही, टोक डोळ्यावर येतं. सहाच्या सहा तारा एकदम काढू नयेत, नेक बिघडते, असं पुष्कळ जण सांगतात. नेहमीच्या अकूस्टिकला तासाभराने काही होत नाही, आणि फळी पुसायला तीच एक संधी असते. ज्या गिटारचा ब्रिज नुसत्या ताणावर उभा असतो किंवा ज्या इलेक्ट्रिकचा ब्रिज स्प्रिंगांवर तरंगतो, तिथे मात्र एकेक तार बदलावी.

पिन निघत नाही म्हणून पक्कड लावली की पिनचं डोकं तुटतं आणि खालचा भाग भोकात राहतो. त्याऐवजी साउंडहोलमधून हात आत घालून, चिमटीत एक नाणं धरून पिनला खालून वर रेटावं, ती अलगद उडते. नवी तार घालताना गोळीच्या वर सेंटिमीटरभर तारेला किंचित बाक द्यावा. गोळी भोकात टाकून पिनची खाच तारेकडे करून पिन बसवावी आणि मग तार वर ओढून घ्यावी. गोळी पिनच्या टोकावर बसलेली असेल तर ओढताना पिन उचलली जाते. गोळी ब्रिजच्या खालच्या फळीला जाऊन अडली की हाताला ठक्‌ असं कळतं, आणि मग पिन हलत नाही. नवशिक्यांच्या गिटारमधून पिन बंदुकीसारखी सुटते ती ही एक ओढ चुकल्यामुळे.

वर खुंटीच्या भोकातून तार ओवल्यावर किती सैल ठेवायची? खुंटीच्या पुढे दोन इंच धरले तर जाड तारांना दोन-तीन वेढे येतात. पातळ तारांना तीन इंच सोडावेत, चार-पाच वेढे बसतात. प्रत्येक वेढा आधीच्या खाली यायला हवा, एकावर एक चढलेल्या वेढ्यांमधून तार सरकत राहते आणि सूर उतरतो. चाळीस रुपयांचा प्लॅस्टिकचा वाइंडर असला की हे काम निम्म्या वेळात होतं. तार सुरात लागल्यावरच जादा टोक कापायचं. आधी कापलं तर गुंडाळीची तार आतल्या गाभ्यावरून सुटू लागते. मग बाराव्या फ्रेटजवळ तार चिमटीत धरून हलकेच वर ओढायची, पुन्हा सुरात लावायची, पुन्हा ओढायची. तीन-चार फेऱ्यांत ती बसते. हे केलं नाही तर दोन दिवस गिटार सारखी उतरत राहते आणि लोक म्हणतात तारा खराब निघाल्या.

तार कुठे तुटली ते फेकून देण्याआधी पाहावं, कारण त्यात रोगाचं निदान असतं. सॅडलवर तुटत असेल तर सॅडलची धार टोकदार झाली आहे, बारीक पॉलिश पेपरचे दोन हात पुरतात. नटवर तुटत असेल तर खाच अरुंद आहे. सूर लावताना टिक्‌ टिक्‌ आवाज येतो तोही तिथूनच. शिसपेन्सिलीची पूड खाचेत घासली की तार सरकू लागते. खुंटीपाशी तुटली तर भोकाची कड, किंवा वेढ्यात पडलेला पीळ. एकाच फ्रेटवर पुन्हा पुन्हा तुटत असेल तर त्या फ्रेटला चर पडला आहे. गुंडाळीच्या तारांमध्ये ‘जी’ सर्वांत आधी जाते. तिचा गाभा बाकीच्यांहून बारीक असतो.

पुण्याच्या हवेकडे गिटारवाले पुरेसं लक्ष देत नाहीत. एप्रिलच्या दुपारी इथे आर्द्रता वीस-तीस टक्क्यांवर येते, जुलै-ऑगस्टमध्ये ऐंशीच्या वर. लाकडाला पंचेचाळीस ते पंचावन्न टक्के मानवते. पावसाळ्यात वरची फळी पाणी पिऊन फुगते, ब्रिज वर येतो आणि तारा उंच होतात. उन्हाळ्यात फळी बसते, तारा खडखडतात, नेकच्या कडेला फ्रेटची टोकं बोटाला टोचू लागतात. सॉलिड लाकडाच्या महाग गिटारमध्ये हे ठळक दिसतं. प्लायवुडच्या स्वस्त गिटारला फारसा फरक पडत नाही, ही तिची एक जमेची बाजू. मुठेकाठच्या इमारतींमध्ये पावसाळ्यात भिंतीला ओल येते. तिथे गिटार भिंतीला टांगू नये, बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाकून कपाटात ठेवावी. त्याच पुड्या मे महिन्यात काढून टाकायला विसरू नये, तेव्हा त्या उरलासुरला ओलावाही शोषतात. उन्हात लावलेल्या गाडीत गिटार ठेवायचा मोह तर बाराही महिने टाळावा, डिंक सुटतो.

रोजची निगा एका जुन्या सुती कापडाची आहे. बनियनचा तुकडा उत्तम. वाजवून झालं की तार नुसती वरून नाही, खालूनही पुसायची, कापड तारेखालून घालून नटपासून ब्रिजपर्यंत. वाजवण्याआधी हात धुतले तर तारांचं आयुष्य वाढतं, आणि वडापाव खाऊन थेट गिटार उचलणाऱ्याच्या तारा किती टिकतात ते सांगायला नको. फळी रोजवुडची असेल तर वर्षातून दोनदा, तारा काढलेल्या असताना, लेमन ऑइलचे चार थेंब. या नावाने मिळणारं तेल मुख्यतः खनिज तेलच असतं. घरात आहे म्हणून खोबरेल लावू नये, ते पुढे खवट होतं आणि धूळ धरून ठेवतं. मेपलची फळी वरून लाखेने झाकलेली असते, तिला तेलाची गरज नाही. बासवाले तारा उकळून पुन्हा लावतात. मळ निघतो, आवाज थोडे दिवस परततो, पण फ्रेटने पाडलेली खाच काही भरून येत नाही. बासचा सेट महाग म्हणून ते समजण्यासारखं आहे, सातशे रुपयांच्या सेटसाठी गॅस जाळू नये. स्पिरिटने पुसणं त्यापेक्षा बरं, मात्र तारेखाली कागद धरून, थेंब पॉलिशवर पडता कामा नये.

उरतात त्या काढलेल्या तारा आणि कापलेली टोकं. फरशीवर पडलेला इंचभर तुकडा पायात घुसला की दिवसभर सापडत नाही, म्हणून कापताना प्रत्येक टोक लगेच एका डबीत टाकावं. जुन्या तारांचं वेटोळं करून, नव्याच्या रिकाम्या पाकिटात घालून, चिकटपट्टीने बंद करून वर पेनाने ‘तारा, टोकदार’ असं लिहावं आणि सुक्या कचऱ्यात द्यावं. सकाळी दारावर येणाऱ्या ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेच्या बायका कचरा हाताने निवडतात. पातळ ‘ई’ तेवढी सरळ करून ठेवायला हरकत नाही, चीज कापायला आणि घट्ट बसलेला केक साच्यातून सोडवायला ती चालते. अर्थात ती स्वच्छ धुऊन, आणि कोटेड असेल तर नाहीच.